कितीपैकी किती? : टेन-बॉल पूलमधील ‘ब्रेक’ची आकडेवारी

टेबलावर चेंडू मारण्याच्या खेळांशी आमच्या मध्य प्रदेशाचे नाते जुने आहे. स्नूकर हा खेळ १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या अधिकाऱ्याने सुरू केला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आता आपल्या शहरांतून पूल पार्लर दिसू लागली आहेत आणि महाविद्यालयातली मुले संध्याकाळी तेथे असतात. मी इंदूरमध्ये बरीच वर्षे संख्याशास्त्र शिकवत आलो आहे. माझ्या वर्गातली पूल खेळणारी मुले व्यावसायिक स्पर्धांची आकडेवारी घेऊन येत आणि त्यावर वाद घालत. त्या वादांतूनच हा लेख तयार झाला. विषय खेळाचा असला तरी मुद्दा व्यापक आहे : टक्केवारी वाचताना आपण नेमके काय वाचतो, आणि ती मराठीत नीट सांगता येते का?

शब्दांविषयी आधी एक खुलासा. कॅरममध्ये आपण सोंगट्या ‘फोडतो’. पूलमध्ये त्याच क्रियेला ‘ब्रेक’ म्हणतात, आणि मराठी मुलेही तसेच म्हणतात. म्हणून मी ‘ब्रेक’, ‘रॅक’, ‘पॉकेट’, ‘क्यू बॉल’ हे शब्द तसेच ठेवले आहेत. पूर्ण खेळाला ‘सामना’ आणि त्यातल्या एकेका फेरीला ‘डाव’ म्हटले आहे.

खेळ आणि त्याची पहिली खेळी

टेन-बॉल नऊ फुटी टेबलावर खेळतात. खेळायची जागा १०० इंच लांब आणि ५० इंच रुंद असते. एक ते दहा क्रमांकांचे दहा चेंडू त्रिकोणात घट्ट लावतात. पहिल्या ओळीत एक, दुसरीत दोन, तिसरीत तीन आणि शेवटच्या ओळीत चार चेंडू असतात. टोकावर १ क्रमांकाचा चेंडू, तिसऱ्या ओळीच्या मध्यभागी १० क्रमांकाचा आणि मागच्या दोन कोपऱ्यांत २ व ३ क्रमांकांचे चेंडू असतात. पांढऱ्या क्यू बॉलने दरवेळी टेबलावरच्या सर्वांत लहान क्रमांकाच्या चेंडूला आधी स्पर्श करायचा असतो, आणि कोणता चेंडू कोणत्या पॉकेटात घालणार हे आधी सांगावे लागते. जो १० क्रमांकाचा चेंडू नियमाने पॉकेटात घालतो, तो डाव जिंकतो.

ब्रेकला मात्र चेंडू आणि पॉकेट सांगावे लागत नाही. ब्रेकवर निदान एक चेंडू पॉकेटात गेला आणि फाऊल झाला नाही, तर तोच खेळाडू पुढे खेळतो. एकही चेंडू गेला नाही तर निदान चार चेंडू टेबलाच्या कडांना लागावे लागतात, नाहीतर फाऊल धरला जातो. नाइन-बॉल या भावंड खेळात ९ क्रमांकाचा चेंडू ब्रेकवरच गेला तर डाव तिथेच जिंकला जातो. टेन-बॉलच्या जागतिक नियमांत ही सवलत नाही. ब्रेकवर गेलेला १० क्रमांकाचा चेंडू पुन्हा टेबलावर ठेवतात.

हा फरक महत्त्वाचा आहे. नाइन-बॉलमध्ये चेंडू पक्के लावले असतील तर ब्रेकवर बाजूचा चेंडू कोपऱ्याच्या पॉकेटात जाण्याचा मार्ग बराचसा ठरावीक असतो. खेळाडू तो मार्ग शोधतात आणि त्याचा सराव करतात. २००१ च्या यूएस ओपन नाइन-बॉल स्पर्धेत अमेरिकेच्या कोरी ड्यूएलने अंतिम सामन्यात फिनलंडच्या मिका इमोनेनला ११-० असे हरवले. त्या वेळी ड्यूएलचा हलका, मोजूनमापून केलेला ब्रेक फार चर्चेत आला. टेन-बॉलमध्ये एक चेंडू जास्त असतो, रचना त्रिकोणी असते आणि फटका आधी सांगावा लागतो. त्यामुळे नशिबाचा भाग कमी होतो, असे खेळाडू मानतात. मनिलाला २००८ मध्ये टेन-बॉलची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तिच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या डॅरेन अ‍ॅपलटनने तैवानच्या वू चिया-चिंगला १५-१३ असे हरवले.

आता मुलांचा प्रश्न असा : टेन-बॉलमध्ये ब्रेक मिळणे कितपत फायद्याचे? याचे उत्तर एका आकड्यात हवे असते, आणि अडचण तिथूनच सुरू होते.

एक वही, चार टक्केवाऱ्या

पूलच्या सामन्यांची पद्धतशीर मोजदाद अमेरिकेतले खेळाडू पॅट फ्लेमिंग यांनी १९८० च्या दशकात ‘अ‍ॅक्यू-स्टॅट्स’ या नावाने रुजवली. त्यांचे मूळ माप अगदी साधे आहे. पॉकेटात घातलेल्या चेंडूंची संख्या अंशात घ्यायची. छेदात तीच संख्या अधिक चुकांची संख्या. ९५ चेंडू घातले आणि ५ चुका झाल्या, तर माप ९५ भागिले १००, म्हणजे ०.९५० येते. छेदात काय आहे हे इथे स्पष्ट असते. ब्रेकच्या आकडेवारीत ते नेहमी इतके स्पष्ट नसते.

एक उदाहरण घेऊ. त्यातले आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून मी ठरवले आहेत. ते कोणत्याही प्रत्यक्ष स्पर्धेचे नाहीत. समजा, एकाने एका स्पर्धेतल्या २०० ब्रेकची वही ठेवली. २०० पैकी १२० ब्रेकवर निदान एक चेंडू गेला आणि फाऊल झाला नाही. हे यशस्वी ब्रेक. उरलेले ८० अयशस्वी. यशस्वी १२० पैकी ७८ डाव ब्रेक करणाऱ्याने जिंकले; अयशस्वी ८० पैकी ३०. यशस्वी १२० पैकी ४२ डाव असे होते, की ब्रेक करणाऱ्याने प्रतिस्पर्ध्याला टेबलाजवळ येऊच दिले नाही. एका दमात सगळा डाव संपवला.

या एकाच वहीतून पुढची चारही विधाने निघतात. ‘ब्रेक ६० टक्के यशस्वी होतो’ : २०० पैकी १२०. ‘ब्रेक करणारा ५४ टक्के डाव जिंकतो’ : ७८ अधिक ३०, म्हणजे २०० पैकी १०८. ‘एका दमात डाव संपवण्याचे प्रमाण २१ टक्के’ : २०० पैकी ४२. ‘एका दमात डाव संपवण्याचे प्रमाण ३५ टक्के’ : १२० पैकी ४२. शेवटची दोन विधाने एकाच गोष्टीविषयी आहेत, दोन्ही खरी आहेत, आणि तरी आकडे वेगळे आहेत, कारण छेद वेगळे आहेत. एक मुलगा २१ म्हणतो, दुसरा ३५ म्हणतो. दोघे तासभर भांडतात आणि दोघेही बरोबर असतात.

मराठीला येथे एक नैसर्गिक सोय आहे. ‘पैकी’ हा आपला साधा शब्द छेद उघडपणे सांगतो. ‘२१ टक्के’ म्हटल्यावर ‘कशाचे?’ हा प्रश्न उरतो. ‘२०० ब्रेकपैकी ४२’ म्हटले की उरत नाही. शिवाय एकूण नोंदी किती होत्या हेही कळते. संख्याशास्त्रात ‘सशर्त संभाव्यता’ नावाचे एक प्रकरण आहे. त्यातला गाभा पाचवी-सहावीच्या मुलालाही ‘पैकी’ने कळतो : ‘यशस्वी ब्रेकपैकी’ आणि ‘सर्व ब्रेकपैकी’ यांत फरक आहे, एवढेच.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दिसते. ब्रेक यशस्वी झाला तर १२० पैकी ७८, म्हणजे ६५ टक्के डाव जिंकले. अयशस्वी झाला तर ८० पैकी ३०, म्हणजे साडेसदतीस टक्के. म्हणजे चेंडू जाण्या-न जाण्याने मोठा फरक पडतो. पण ब्रेक ‘मिळण्याचा’ फायदा मोजायचा असेल, तर दोन्ही गट एकत्र घ्यावे लागतात, आणि तो आकडा ५४ वर येतो. ‘ब्रेक चांगला बसणे’ आणि ‘ब्रेक मिळणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीतला फायदा दुसरीच्या खात्यावर मांडला, की ब्रेकचे महत्त्व उगाच फुगते.

किती नोंदी पुरेशा?

५४ हा आकडा ५० पेक्षा मोठा आहे. म्हणून ब्रेक फायद्याचा, असे म्हणावे काय? एवढ्या वहीवरून नाही. नाणे २०० वेळा उडवले तर दरवेळी बरोबर १०० छापे पडत नाहीत. संख्याशास्त्रात या चढउताराचे माप आहे, ‘प्रमाण त्रुटी’. ५० टक्क्यांच्या आसपासच्या शक्यतेसाठी २०० नोंदींवर ती सुमारे साडेतीन टक्के-अंक येते. तिच्या दुपटीइतकी ओढाताण दोन्ही बाजूंना गृहीत धरण्याचा प्रघात आहे. म्हणजे ५४ चा अर्थ ‘४७ ते ६१ च्या दरम्यान काहीतरी’ एवढाच होतो. त्यात ५० ही येतात. ५४ आणि ५० यांतला फरक खात्रीने दाखवायचा असेल, तर सुमारे ६२५ डावांच्या नोंदी लागतात. अचूकता दुप्पट हवी असेल तर नोंदी चौपट लागतात, हा त्यामागचा नियम आहे.

अ‍ॅपलटन आणि वू यांच्या अंतिम सामन्यात एकूण २८ डाव झाले. पूलच्या मानाने हा लांबलचक सामना. तरी २८ नोंदींवर दुप्पट प्रमाण त्रुटी १८-१९ टक्के-अंकांच्या घरात जाते. एका सामन्यावरून ‘अमक्याचा ब्रेक आज चालला नाही’ असे म्हणता येते, कारण ते त्या दिवसाचे वर्णन आहे. ‘अमक्याचा ब्रेक कमकुवत आहे’ असे म्हणता येत नाही, कारण तो उद्याविषयीचा दावा आहे.

ब्रेक कोण करतो?

आता एका फसव्या आकड्याकडे येतो. मी वर्गात हे उदाहरण नेहमी देतो, आणि प्रत्येक वर्गात दोन-चार मुले तरी कागद-पेन्सिल घेऊन ते पुन्हा तपासतात.

पूलमध्ये पुढचा ब्रेक कोणी करायचा याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. एकीत दोघे आळीपाळीने ब्रेक करतात. दुसरीत आधीचा डाव जिंकणारा पुढचा ब्रेक करतो. समजा, अ हा ब पेक्षा बराच चांगला खेळाडू आहे आणि ब्रेक कोणीही केला तरी तो ७० टक्के डाव जिंकतो. म्हणजे या जोडीत ब्रेकचा फायदा शून्य आहे. आळीपाळीच्या पद्धतीत अ च्या ब्रेकवर ब्रेक करणारा ७० टक्के जिंकेल, ब च्या ब्रेकवर ३० टक्के, सरासरी ५०. आकडा खरे बोलतो : ब्रेकचा फायदा नाही.

आता हीच जोडी ‘जिंकेल तो ब्रेक करेल’ पद्धतीने खेळू द्या. दीर्घकाळात १०० पैकी ७० ब्रेक अ कडे जातील, कारण तो तितके डाव जिंकतो. त्या ७० पैकी तो ४९ जिंकेल. ब कडे ३० ब्रेक येतील. त्यांपैकी तो ९ जिंकेल. ४९ आणि ९ मिळून ५८. वहीत लिहिले जाईल : ‘ब्रेक करणारा ५८ टक्के डाव जिंकतो.’ ब्रेकचा फायदा शून्य असताना हे आठ जास्तीचे टक्के आले कुठून? ब्रेक चांगल्या खेळाडूकडे जास्त वेळा गेला, तिथून. आकड्याने खेळाडूचे कौशल्य मोजले, आणि आपण ते ब्रेकच्या नावावर लिहिले. म्हणून दोन स्पर्धांची ब्रेकची आकडेवारी शेजारी शेजारी ठेवण्यापूर्वी ब्रेकची पद्धत एकच होती का, हे विचारणे भाग आहे. नोंदी फक्त चित्रीकरण होणाऱ्या टेबलावरच्या आहेत का, हेही विचारावे, कारण त्या टेबलावर बहुधा नामवंत खेळाडूच खेळतात.

न्यायाचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांच्या एका स्पर्धेत माझी एक विद्यार्थिनी ७-१ अशी हरली. सात डाव आधी जिंकेल तो विजयी आणि जिंकणाऱ्याने पुढचा ब्रेक करायचा, असा नियम होता. सामन्याचा पहिला ब्रेक प्रतिस्पर्ध्याकडे गेला होता. आठ डावांत तिला एकच ब्रेक मिळाला. ‘सर, ब्रेक आळीपाळीने असता तर मी जिंकण्याची शक्यता वाढली असती, नियमानेच मला हरवले,’ असे तिचे म्हणणे होते. तिची तक्रार वाजवी वाटते. बहुतेकांना ती पटेल. पण गणित वेगळे सांगते, आणि ते समजायला बेरीज-वजाबाकीपलीकडे काही लागत नाही.

अ पहिला ब्रेक करणार असे धरू. तेरा चिठ्ठ्या घ्या. सातांवर ‘अ चा ब्रेक’ असे लिहा आणि सहांवर ‘ब चा ब्रेक’. प्रत्येक चिठ्ठीच्या आत, तो डाव कोण जिंकणार ते नाव आधीच लिहून घडी घाला. अ च्या ब्रेकवरच्या चिठ्ठ्यांत त्या ब्रेकला साजेशी शक्यता, ब च्या ब्रेकवरच्या चिठ्ठ्यांत त्याला साजेशी. आता डाव खेळणे म्हणजे ज्याचा ब्रेक असेल त्याच्या गठ्ठ्यातली वरची चिठ्ठी उघडणे. तेरा चिठ्ठ्यांत दोघांपैकी एकाचेच नाव सात किंवा जास्त वेळा येऊ शकते.

आळीपाळीने उघडल्या तर जास्तीत जास्त तेरा उघडतील : सात अ च्या, सहा ब च्या. ‘जिंकेल तो ब्रेक करेल’ या पद्धतीत पहिली चिठ्ठी अ ची. त्यानंतर अ जिंकला की अ ची, ब जिंकला की ब ची. अ ची आठवी चिठ्ठी लागायची तर अ आधीच सात डाव जिंकलेला हवा, म्हणजे सामना संपलेला असतो. ब ची सातवी लागायची तर ब सात डाव जिंकलेला हवा. तेव्हाही सामना संपलेला असतो. म्हणजे कोणत्याही पद्धतीत गठ्ठा कमी पडत नाही. आणि ज्या क्षणी एकाचे नाव सातव्यांदा निघते, त्या क्षणी उरलेल्या सगळ्या चिठ्ठ्या धरूनही दुसऱ्याच्या वाट्याला सहापेक्षा जास्त येऊ शकत नाहीत. म्हणून चिठ्ठ्या कोणत्या क्रमाने उघडल्या याला महत्त्व उरत नाही. सामन्याचा विजेता तोच निघतो. हरणाऱ्याने पुढचा ब्रेक करायचा अशी तिसरी पद्धत घेतली तरी हेच घडते. वाचकांनी स्वतः पडताळून पाहावे. दोन बाजूंच्या खेळांतल्या गुणपद्धतींची तुलना करताना किंग्स्टन या गणितज्ञाने १९७६ मध्ये अशा प्रकारचा निष्कर्ष सिद्ध केला होता.

मग त्या विद्यार्थिनीला मी काय सांगितले? तीन गोष्टी. पहिली, पद्धत बदलल्याने धावफलक बदलतो. ७-१ च्या जागी ७-४ दिसला असता आणि पराभव कमी बोचला असता, पण जिंकण्याची शक्यता तीच राहिली असती. दुसरी, पहिला ब्रेक कोणाला मिळतो याला मात्र महत्त्व आहे, कारण चिठ्ठ्या एकाच्या सात आणि दुसऱ्याच्या सहा असतात. तक्रार करायचीच असेल तर पहिला ब्रेक कसा ठरवला, याविषयी करावी. तिसरी गोष्ट गणिताच्या बाहेरची आहे. चिठ्ठ्यांत आपण असे धरले, की आधीच्या डावाचा पुढच्यावर परिणाम होत नाही. प्रत्यक्षात सलग पाच डाव खुर्चीत बसून राहिलेल्या माणसाचा हात थंड पडू शकतो, मन खचू शकते. आयोजकांना यासाठी आळीपाळीची पद्धत निवडता येईल आणि ते कारण चांगलेही आहे. पण मग कारण तेच सांगावे. जिंकण्याच्या शक्यतेचे गणित त्याच्या पाठीशी उभे करू नये.

तिला हे पटायला आठवडा लागला. तिने घरी तीन डावांच्या सामन्यापासून सुरुवात करून सगळ्या शक्यता हाताने मांडल्या आणि मगच मान्य केले. मला ती पद्धत अधिक आवडली.

वर्गासाठी

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. पूलचे टेबल शाळेत नसते. कॅरम बोर्ड बहुतेक ठिकाणी असतो. कॅरममध्ये सोंगट्या फोडणाऱ्याला पांढऱ्या सोंगट्या मिळतात आणि फोडण्याची पाळी आलटून पालटून येते. त्यामुळे वर सांगितलेला ५८ टक्क्यांचा फसवा परिणाम तेथे उद्भवत नाही. मुलांना एक वही द्यावी. प्रत्येक डावाला तीन रकाने : कोणी फोडले, फोडताना सोंगटी गेली का, डाव कोणी जिंकला. पन्नास डाव झाले की मुलांना वाक्ये लिहायला सांगावे, आणि एकच अट घालावी : टक्का लिहायचा तर शेजारी ‘कितीपैकी किती’ लिहिलेच पाहिजे. पन्नास डावांवर दोन्ही बाजूंना १४ टक्के-अंकांची ओढाताण राहते. म्हणून त्यातून फोडण्याच्या फायद्याविषयी निष्कर्ष निघणार नाही, हेही त्यांना सांगावे. पुढच्या वर्गाने त्याच वहीत भर घातली तर चार-पाच वर्षांत काही बोलता येईल.

मराठी शाळेतून आलेली अनेक मुले महाविद्यालयात संख्याशास्त्राच्या तासाला गप्प बसतात, हे मी पाहिले आहे. त्यांना कल्पना कळत नाहीत असे नाही. त्या कल्पना आपल्या भाषेत बोलून पाहण्याची संधी त्यांना मिळालेली नसते. अंश, छेद, पैकी, शक्यता हे शब्द त्यांच्याजवळ आधीपासून आहेत. निकालाचे टक्के, पावसाचे टक्के, मतांचे टक्के रोज वर्तमानपत्रांतून समोर येतात. त्यांना ‘कितीपैकी?’ आणि ‘कोणत्या गटापैकी?’ असे विचारण्याची सवय कॅरमच्या वहीतून लागली, तर ती खेळापुरती राहणार नाही.